भजनी मंडळाच्या मशीनवर ब्लॅक सॅबथ: पहिले सहा अल्बम नीट कसे ऐकावेत

ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा शेवटचा कार्यक्रम 5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर झाला आणि 22 जुलैला त्यांचा गायक ओझी ऑझबर्न गेला. त्यानंतर जे नव्याने या बँडकडे वळले, त्यांच्यातले बरेच जण मोबाइलवर दोन-तीन गाणी ऐकून थांबतात. लोक म्हणतात तेवढं जड काही वाटत नाही, अशी त्यांची तक्रार असते. दोष त्यांच्या कानांचा नाही. या बँडचं जडपण खालच्या सुरांत आणि दोन सुरांमधल्या मोकळ्या जागेत आहे, आणि मोबाइलचा स्पीकर नेमक्या याच दोन गोष्टी खाऊन टाकतो.

1970 ते 1975 या काळातले पहिले सहा अल्बम गावातल्याच साहित्यावर, चार-सहा जणांनी बसून, क्रमाने आणि व्यवस्थित ऐकायचे असतील तर काय तयारी लागते, ते पुढे दिलं आहे. अल्बम सहा, रात्री सहा. एका रात्री दोन अल्बम लावू नका. दुसऱ्याच्या निम्म्यात कान थकतात आणि मग सगळी गाणी सारखीच वाटू लागतात.

साहित्य

मशीन गावातच असते. भजनी मंडळाचा किंवा सप्ताहाचा 60 ते 100 वॉटचा अँप्लिफायर या कामाला पुरेसा आहे. भोंगे मात्र अजिबात नकोत. भोंगा साधारण 300 हर्ट्झच्या खालचं काही धड देत नाही. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर 82 हर्ट्झचा सूर निघतो, बेस गिटारची 41 हर्ट्झचा. म्हणजे भोंग्यावर बँडचा बेसवाला गीझर बटलर जवळजवळ गायबच होतो आणि टोनी आयोमीची गिटार पत्र्यासारखी किरकिरते. भजनाला वापरतात ते उभे कॉलमही नकोत, ते माणसाच्या आवाजासाठी बनवलेले असतात.

बिछायत केंद्रातून 12 इंची स्पीकरचे दोन साउंड बॉक्स आणा. ते साधारण 60 हर्ट्झपर्यंत उतरतात. त्याखालचा मूळ सूर पूर्ण मिळाला नाही तरी त्याचे वरचे पडसाद मिळतात आणि कान उरलेलं भरून काढतो. डीजेवाल्याचे 18 इंची बेस खोलीत आणू नका. दहा बाय पंधराच्या खोलीत ते नुसता गोळा करतात, सूर कळत नाही. लग्नसराईत बॉक्स मोकळे मिळत नाहीत, म्हणून बैठक डिसेंबर-जानेवारीत ठेवा आणि त्यातही लग्नाच्या तारखा टाळा. झाडीपट्टीत असाल तर शेजारच्या गावात नाटक आहे का तेही बघून घ्या, कारण नाटकाच्या रात्री तुमच्या खोलीत कोणी फिरकणार नाही.

याशिवाय फोनपासून मशीनपर्यंत 3.5 मिलिमीटर ते दोन आरसीए पिनांची केबल, आणि बॉक्सला प्रत्येकी 10 मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. टीव्हीच्या किंवा दारावरच्या बेलच्या बारीक वायरवर काम भागवू नका, खालचे सूर ढिले पडतात.

जोडणी

फोनची पिन मशीनच्या ऑक्स सॉकेटमध्येच घाला, माइकच्या सॉकेटमध्ये नाही. माइकचं इनपुट काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि फोन त्याच्या कित्येक पट देतो. मग सगळं फाटल्यासारखं वाजतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मेटल म्हणजे हेच. आयोमीच्या गिटारचा खरखरीतपणा भरीव आणि गोल आहे. कानाला टोचणारी चिरचिर येत असेल तर ती मशीनची आहे.

भजनाच्या मशीन बहुतेक मोनो असतात आणि बॅंडच्या रेकॉर्डिंगमध्ये डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळं वाजत असतं. दोन आरसीए सॉकेट असतील तर दोन्ही पिना लावा, मशीन आतून त्या एकत्र करते. सॉकेट एकच असेल तर लाल किंवा पांढरी यांपैकी एकच पिन लावून समाधान मानू नका, अर्धं वादन हरवेल. दोन्ही पिनांच्या मधल्या तारांना प्रत्येकी 1 किलोओहमचा रेझिस्टर सोल्डर करा आणि मग त्या एकत्र करून एका पिनेत आणा. रेझिस्टर न लावता तारा थेट पिळल्या तर फोनच्या दोन्ही बाजू एकमेकींवर भार टाकतात. तपासायला ‘पॅरानॉइड’ हे गाणं लावा. त्यातल्या सोलोत, म्हणजे गिटारच्या एकट्या तुकड्यात, एका बाजूला साधी गिटार आहे आणि दुसऱ्या बाजूला तीच गिटार चिरकी, धातूसारखी केलेली आहे. दोन्ही ऐकू आल्या तर जोडणी बरोबर.

मशीनच्या मागे 4 ओहम, 8 ओहम आणि 100 व्होल्ट असे स्क्रू असतात. 100 व्होल्टचा स्क्रू भोंग्यांच्या लांब लाइनसाठी असतो, त्याला साधा बॉक्स लावला तर कॉइल जळते. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की एकूण 4 ओहम होतात, म्हणून दोन्ही वायरी 4 ओहमच्या स्क्रूवर घ्या.

सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी वेळा सापडणारी चूक म्हणजे एका बॉक्सची प्लस-मायनस उलटी लागणं. गाणं वाजतं, ओझीचा आवाज येतो, पण बेस नाहीसा होतो, कारण एका बॉक्सचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. बॉक्स भाड्याचे असतील तर आतली जोडणीही कोणीतरी उलटी केलेली असू शकते. वायर मशीनला लावण्याआधी तिच्या टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस वायरच्या प्लसला लागला की पडदा पुढे यायला हवा. दोन्ही बॉक्सना हे करा. जो उलटा जाईल त्याची वायर फिरवा.

आता मशीनचे नॉब. इको किंवा रिव्हर्ब शून्यावर. भजनासाठी तो अर्ध्यावर असतो आणि तसाच राहिला तर या बँडच्या मोकळ्या जागा इकोने भरून जातात. बेस आणि ट्रेबल दोन्ही मधोमध. फोनचा आवाज 80 ते 85 टक्के आणि पुढचा सगळा कमी-जास्तपणा मशीनवरून. फोनमधलं बेस बूस्ट, ‘थ्रीडी’, ‘डॉल्बी’ वगैरे सगळं बंद करा.

गाणी सुरू नसताना ‘हूं’ असा आवाज येत असेल तर आधी फोनचा चार्जर काढा. तरीही राहिला तर मशीनची तीन पिनांची अर्थिंग खरंच जमिनीत गेली आहे का ते पाहा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

लाइट

बैठकीच्या मध्ये लाइट जाणार हे गृहीत धरा. इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची 12 व्होल्टची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे 900, त्यातून इन्व्हर्टरचा घाटा वजा केला की 700 च्या आसपास उरतात. मशीन, एक पंखा आणि एक दिवा मिळून 150 वॉट धरले तर साडेचार तास निघतात. एक अल्बम पाऊण तासाचाही नाही. पण इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमधून सतत गुणगुण येते आणि संथ गाण्यांत ती सहन होत नाही. साइन वेव्हचा इन्व्हर्टर कोणाकडे आहे ते विचारा आणि बैठक त्याच्याच घरी ठेवा. जनरेटर लावून हे ऐकण्यात अर्थ नाही.

खोली

टिनाच्या छताखाली हा बँड लावू नका. बेसच्या काही सुरांवर टिना झणझणते आणि तोच आवाज गाण्याचा वाटू लागतो. कवेलूचं छत आणि मातीच्या भिंती असलेली खोली फार चांगली. स्लॅबची खोली असेल तर रिकामी नको. खाली सतरंज्या, एका भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या, दाराला जाड गोधडी एवढं तरी करा.

ज्या घरी भाव वाढायची वाट पाहत कापूस खोलीत भरून ठेवलेला असतो, ती खोली या कामाला सर्वांत उत्तम. छातीएवढा कापसाचा ढीग मागच्या भिंतीशी असला की मागून परतणारा आवाज तो गिळून टाकतो आणि बिल वॉर्डच्या ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. शहरातले लोक यासाठी फोमच्या पट्ट्या विकत आणतात. मात्र मशीन कापसापासून किमान पाच-सहा फूट लांब ठेवा, तिच्यावर काही झाकू नका, सैल सॉकेटमधून ठिणगी उडत नाही ना ते आधी बघा आणि विडी-सिगारेटवाल्यांना उठून बाहेर जायला सांगा. साठवलेल्या कापसातल्या किडीने अंगाला खाज सुटते, म्हणून ढिगावर जुनी चादर किंवा लुगडं पसरा आणि त्याला टेकून बसू नका.

बॉक्स जमिनीवर किंवा बाजेवर ठेवू नका. चार-चार विटा रचून त्यावर ठेवा, स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. कोपऱ्यात सरकवले तर बेस फुगतो, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. दोन बॉक्समध्ये जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर समोर बसा.

रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंद खोलीला नियमात सूट आहे, पण आवाज घराबाहेर गेला तर त्या सुटीचा उपयोग नाही. साडेसातला सुरू करून नऊच्या आत संपवा. आवाज किती? शेजारच्याशी बोलायला जरा मोठ्याने बोलावं लागेल एवढा. फोनमधल्या मीटरवर 85 डेसिबल. एवढ्या आवाजात आठ तास बसलं तरी कानाला धोका मानत नाहीत, 94 डेसिबलला हीच मुदत एका तासावर येते.

गाणी फोनमध्ये घेताना

नेटवर्कच्या भरवशावर बसू नका, आधी डाउनलोड करा. 320 केबीपीएसला एका मिनिटाला 2.4 एमबी लागतात. सहाही अल्बम मिळून चार तासांचे, म्हणजे 600 एमबीच्या आत. एका दिवसाच्या डेटात बसतं. फुकटच्या योजनेत बरीच अॅप गाणी उलटसुलट लावतात आणि मध्ये जाहिरात घुसवतात, तसं असेल तर एका महिन्याचे पैसे भरा. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं दुसऱ्यात मिसळणं, बंद करा. शफल बंद करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन शांत जागेवर कोणाचा तरी फोन येतो.

एक गोंधळ पहिल्याच अल्बमवर होतो. इंग्लंडच्या आवृत्तीत ‘ईव्हिल वुमन’ आहे, अमेरिकेच्या आवृत्तीत तिथे ‘विकेड वर्ल्ड’ आहे, शिवाय अमेरिकेच्या आवृत्तीत काही गाणी एकत्र जोडून लांबलचक नावाने दिली आहेत. वाजतं तेच. फाइल खराब आहे असं समजून पुन्हा डाउनलोड करत बसू नका.

पहिली रात्र: ‘ब्लॅक सॅबथ’ (13 फेब्रुवारी 1970)

सुरुवातीला पाऊस, गडगडाट आणि घंटा आहे. हे सगळं हळू आवाजात असल्यामुळे मशीनजवळचा माणूस हमखास नॉब वर नेतो आणि मग गिटार आली की सगळे दचकतात. आवाज पावसावर लावू नका. गाणं चाळीस-पन्नास सेकंद पुढे ढकलून गिटारवर आवाज ठरवा, मग मागे येऊन सुरुवात करा.

खोलीत पेटी असेल तर ती जवळ ठेवा. पांढरी पाच सा धरा. गिटारची ओळ एवढीच आहे: सा, तार सा आणि मग तीव्र मध्यम, ज्यावर बोट थरथरतं. पेटीवर पांढरी पाच, वरची पांढरी पाच, मधली काळी एक. युरोपच्या संगीतात ही सुरांची जोडी अशुभ मानली गेली, पण यमन ऐकलेल्या कानाला तीव्र मध्यम परका नाही. यमनात तो पंचमाकडे जातो आणि मन निवतं. इथे तो पंचमावर विसावत नाही, तिथेच अडकून थरथरत राहतो, आणि भीती त्या अडकण्यातून येते. पेटीवर तीन-चार वेळा वाजवून घेतलं की गाणं ऐकताना पुढचा सूर येण्याआधीची पोकळी जाणवते. ड्रम कसे सावकाश, थांबून थांबून पडतात तेही बघा. गाण्याच्या शेवटच्या भागात चाल एकदम वेग घेते. आधी इतकं थांबवून ठेवलेलं असतं म्हणून तो वेग अंगावर येतो.

हा अल्बम लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत 16 ऑक्टोबर 1969 रोजी एका दिवसात, साधारण बारा तासांत रेकॉर्ड झाला. म्हणून तो चौघे एका खोलीत वाजवत आहेत असाच ऐकू येतो. ‘द विझर्ड’मधला बाजा, म्हणजे हार्मोनिका, ओझीचा. ‘एन.आय.बी.’च्या आधी गीझर बटलर एकटा बेस वाजवतो, तिथे बॉक्सची खरी परीक्षा होते. प्रत्येक सूर वेगळा ऐकू यायला हवा. सगळे सूर एकाच ‘घूं’मध्ये मिसळत असतील तर बॉक्स भिंतीपासून आणखी पुढे ओढा. शेवटचं ‘वॉर्निंग’ दहा मिनिटांच्या वर आहे आणि त्यातला बराच भाग एकट्या गिटारचा आहे. नव्या मंडळींसोबत असाल तर ते सोडून दिलं तरी चालेल.

दुसरी रात्र: ‘पॅरानॉइड’ (सप्टेंबर 1970)

सहातला हा सर्वांत पक्का अल्बम. एकच रात्र मिळणार असेल तर हाच लावा.

‘वॉर पिग्ज’ सुरू होताना संथ चाल सहाच्या मोजणीत आहे. दादऱ्यासारखं सहा मोजा, लगेच बसतं. त्यावर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. तो गाण्यातलाच आहे, बाहेर कोणी पाहायला जाऊ नका. मग चाल बदलते. गिटार दोन घाव घालून गप्प होते आणि त्या शांततेत फक्त बिल वॉर्डची हाय-हॅट, म्हणजे ड्रमची जोडझांज, चालू राहते, तिच्यावर ओझी गातो. याच जागेसाठी इको शून्यावर ठेवायला सांगितलं होतं. गाण्याच्या अगदी शेवटी टेपचा वेग वाढत जातो आणि सगळं चिपमंकसारखं होऊन संपतं. फोन बिघडलेला नाही, मुद्दाम केलेलं आहे.

घरातली वडीलधारी माणसं या बँडचं नाव आणि चित्रं पाहून सैतानाचं काही आहे का विचारतात. त्यांना हेच गाणं ऐकवून सांगा: युद्ध पुकारणारे सुरक्षित बसतात आणि गरिबांची पोरं मरायला पाठवतात, असं हे गाणं म्हणतं. व्हिएतनामचं युद्ध सुरू असताना लिहिलेलं आहे. बँडचं नाव एका जुन्या भयपटावरून घेतलं. गाण्यांचे बहुतेक शब्द बटलरचे, आणि तो कॅथॉलिक घरातला.

‘पॅरानॉइड’ हे गाणं अल्बम भरायला थोडं कमी पडतंय म्हणून घाईने केलं. तीन मिनिटांच्या आतलं हे गाणं इंग्लंडच्या गाण्यांच्या विक्रीच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’मध्ये ओझीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. केबल हलवू नका. तो फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला आहे.

‘आयर्न मॅन’साठी पुन्हा पेटी. पांढरी सात सा धरा: सा, कोमल ग ग, म म, मग कोमल ध आणि प तीनदा आलटून-पालटून, पुन्हा कोमल ग ग, म म. पाच सुरांत सगळं बांधलेलं आहे आणि गाताना ओझी त्याच सुरांवरून चालतो. पेटीवाल्याला हे पाच मिनिटांत जमतं आणि मग खोलीत कोणालाही हे संगीत दूरचं वाटत नाही.

इथे थांबा. रेकॉर्डची पहिली बाजू इथेच संपत असे आणि उठून ती उलटावी लागे. दहा मिनिटं चहा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, काय असेल ते याच वेळी. वाजत असताना शेंगा सोलू नका. दुसऱ्या बाजूचं ‘हँड ऑफ डूम’ बेसवर अगदी दबकत सुरू होतं आणि मग अचानक फुटतं. युद्धावरून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतणाऱ्या सैनिकांवर ते आहे. दबक्या भागात आवाज वाढवण्याचा मोह आवरा.

तिसरी रात्र: ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ (1971)

जड म्हणतात ते काय, हे इथे कळतं, आणि त्याचं कारण आयोमीच्या हातात आहे. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली, जो दोनच बोटांनी सोलो वाजवायचा. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं आणि बारीक तारा लावल्या. मळणी यंत्रात बोटं गेलेला माणूस आपल्याकडे गावोगाव आहे, त्यामुळे त्या टोपणांनी तार दाबताना काय होत असेल हे इथे वेगळं समजवावं लागत नाही.

या अल्बमवर त्याने आणखी एक पाऊल टाकलं. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ आणि ‘इन्टू द व्हॉइड’ यांत तारा दीड स्वर सैल केल्या. तार सैल असली की बोटाला दाब कमी लागतो आणि सूर खाली जातो. पेटीवर पांढरी तीनवरून काळी एकवर या, एवढं ते अंतर. जाड तार 82 हर्ट्झवरून 69 वर आली. बेसही तसाच उतरवला. तुमचे 12 इंची बॉक्स इथेच कामाला येतात. ‘इन्टू द व्हॉइड’ला गिटार आणि बेस एकच ओळ एकत्र वाजवतात आणि ती छातीत लागायला हवी. लागत नसेल तर मशीनचा बेस न वाढवता आधी प्लस-मायनस पुन्हा तपासा.

‘स्वीट लीफ’ खोकल्याने सुरू होतं आणि तो खोकला घोळत राहतो. गाणं अडकलेलं नाही, खोकला आयोमीचाच आहे. हे गाणं गांजाचं गुणगान आहे आणि पुढच्या अल्बमचं ‘स्नोब्लाइंड’ कोकेनवर आहे. शाळकरी मुलं बसणार असतील तर या दोन गाण्यांचं काय करायचं ते आधीच ठरवा. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ची चाल घोड्याच्या टापांसारखी आहे. तुकडोजी महाराजांच्या भजनांना खंजिरीवर साथ करणारा कोणी असेल तर त्याला दुसऱ्यांदा लावताना हळूच हात धरू द्या. टापांचा तो तिहेरी घाट त्याला चटकन सापडेल. मधले ‘एम्ब्रियो’ आणि ‘ऑर्किड’ हे छोटे, शांत तुकडे गाळू नका. त्यांच्यानंतर येणारं गाणं दुप्पट जड वाटतं ते त्यांच्यामुळे. सगळा अल्बम 34 मिनिटांचा आहे, वेळ उरला तर पहिली बाजू पुन्हा लावा.

उरलेल्या तीन रात्री

‘व्हॉल्यूम 4’ (1972) लॉस एंजेलिसमध्ये झाला. ‘चेंजेस’मध्ये ड्रम नाहीत, गिटार नाही, फक्त पियानो, मेलोट्रॉन (टेपवर चालणारा कीबोर्ड), बेस आणि आवाज. एक बॉक्स बंद पडला असं वाटू शकतं. त्यानंतरचं ‘एफएक्स’ म्हणजे पावणेदोन मिनिटं टिकटिक आणि प्रतिध्वनी. गाळलं तर काही बिघडत नाही, पण लगेच ‘सुपरनॉट’ आहे आणि ते चुकवू नका. या अल्बमचं सगळं बळ त्याच्या गिटारच्या ओळीत आणि मधल्या ड्रमच्या तुकड्यात आहे.

‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ (डिसेंबर 1973) पहिल्या गाण्यासाठी आणि ‘स्पायरल आर्किटेक्ट’साठी ऐका. ‘सॅब्रा कॅडाब्रा’त कीबोर्डवर ‘येस’ बँडचा रिक वेकमन आहे. कीबोर्ड आणि तंतुवाद्यं वाढल्यामुळे मोनोत थोडी गर्दी होते. ट्रेबल किंचित वर न्या, बेसला हात लावू नका.

‘सॅबोटाज’ (1975) बँडची जुन्या व्यवस्थापनाशी कोर्टबाजी चालू असताना झाला, आणि तो राग सगळीकडे आहे. पहिलं गाणं ‘होल इन द स्काय’ मध्येच कापल्यासारखं थांबतं. दर वेळी कोणीतरी पिन बघायला उठतं. बसून राहा, लगेच साधी गिटार येते आणि मग ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’. पुढे 1980 च्या दशकात वेगवान मेटल वाजवणाऱ्यांनी जे केलं त्याची सुरुवात या गाण्याच्या ओळीत दिसते. त्याच्या शेवटी चाल अचानक हलकी, मोकळी होते, तीही त्याच गाण्याची. दुसऱ्या बाजूच्या ‘सुपरझार’मध्ये समूहगायकांचा ताफा आहे आणि तिथे मशीन ताणली जाते. आवाज फाटत असेल तर नॉब थोडा मागे घ्या आणि पुढच्या गाण्याला परत आणा.

यानंतर ओझीच्या काळातले ‘टेक्निकल एक्स्टसी’ (1976) आणि ‘नेव्हर से डाय’ (1978) हे दोन अल्बम घाईने ऐकण्यासारखे नाहीत आणि बैठक भरवून ऐकण्याएवढे सलगही नाहीत, ते घरी हेडफोनवर ऐका. बैठक पुढे चालू ठेवायची असेल तर थेट ‘हेवन अँड हेल’ (1980) घ्या. गायक रॉनी जेम्स डिओ आहे, आवाज भरदार आणि उंच आहे. ओझी गिटारच्या ओळीवरून चालायचा, डिओ तिच्या वरून स्वतःची वेगळी चाल गातो, त्यामुळे गिटार मागे सरकल्यासारखी वाटते. बॉक्स आणि नॉब आहेत तसेच ठेवा, दोन गाण्यांत कान सरावतात.